उद्दिष्ट : एक कडी

मुरबाडच्या एमआयडीसीत व्योम प्रिसिजन नावाची कंपनी होती. विमानाच्या इंजिनात हवा दाबणारी पाती असतात, बोटाएवढी, वाकडी, धारेची. ती पाती ही कंपनी करायची. पण आजूबाजूच्या गावांत तिचं नाव पडलं होतं पंखेवाली कंपनी. भागी तिथं कामाला लागली तेव्हापासून वाडीतली माणसं तिच्या ओट्यावर बिघडलेले टेबलफॅन आणून ठेवायची. पहिली दोन वर्षं तिनं समजावून सांगितलं. तिसऱ्या वर्षी तिचा नवरा वाळू फॅन दुरुस्त करायला शिकला, आणि प्रश्न मिटला.

भागीच्या विभागात नऊ बायका. मशीनमधून निघालेल्या पात्याच्या धारेवर धातूची बारीक कूस राहते, ती दगडानं घासून काढायची. साहेबलोक त्या कुसेला इंग्रजीत काहीतरी म्हणायचे, बायका म्हणायच्या कुसळ. भाताचं कुसळ जिच्या पायात मोडलंय तिला बोटाच्या टोकानं कुसळ शोधायला शिकवावं लागत नाही. माप बघायच्या गेजमधून पास झालेलं पातं भागी नुसतं बोट फिरवून बाजूला काढायची, आणि पुन्हा मोजलं की ती बरोबर निघायची. सुपरवायझर गणूला याचा अभिमान नव्हता, रागच होता.

दर एप्रिलमध्ये कंपनीचा वार्षिक मेळावा भरायचा. पॅकिंगच्या शेडमधली खोकी सरकवून खुर्च्या मांडायच्या, समोर पांढरा पडदा टांगायचा, बाहेर समोसे तळायला टाकायचे. २००३ सालच्या मेळाव्यात कंपनीचे मालक केळशीकर साहेब तासभर बोलले. गेल्या वर्षी सात प्रकारची पाती करत होतो, आता बारा करतो. पुण्याहून एमबीए झालेले गुर्जर साहेब माणसं सांभाळायला आलेत. नवीन भट्टी आली. आणि यंदाचं उद्दिष्ट म्हणजे परदेशातल्या एका बड्या इंजिन कंपनीची थेट ऑर्डर, मधे दलाल नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या लवकर वाजल्या की समोसे लवकर येतात, हे सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं.

मग पडद्यावर नऊ खांब आले. विभागवार रिकामा वेळ. आठ खांब हिरवे, कमरेएवढे. नववा लालभडक, ताडासारखा उंच. खाली लिहिलेलं, महिला विभाग.

"आमच्या भगिनींना गप्पा जरा प्रिय आहेत," केळशीकर साहेब हसून म्हणाले. शेडभर हशा झाला. गणू तर मांडीवर थाप मारून हसला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या भागीची कानशिलं तापली. तिनं त्या दिवशी समोसा खाल्ला नाही. पदरात बांधून घरी नेला आणि वाळूला दिला, आणि त्यानं चांगला झालाय म्हटल्यावर त्याच्यावरच उखडली.

गप्पांचं खरं होतं ते असं. कंपनीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखाली बायकांचा संडास होता. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. त्यामुळे एक बाई आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. गणूच्या वहीत दोन जागा रिकाम्या. एका बाईची लघवी कंपनी दोन बायकांच्या नावावर लावत होती. म्हणून बायका सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. रविना, त्यांच्यातली सगळ्यात तरणी, दोनदा उन्हाळी लागून आजारी पडली. मुरबाडचा डॉक्टर म्हणाला, भरपूर पाणी पी. डॉक्टरचं काय जातं सांगायला!

तसं रविनाच्या भावानं, जगननं, एकदा बाजारातून कडी आणून ठोकून दिली होती. तिसऱ्याच दिवशी स्वच्छता मोहीम निघाली, आणि यादीत नसलेली वस्तू म्हणून वॉचमननं ती उपटून काढली. स्क्रूची चार भोकं तेवढी दारावर राहिली.

मेळाव्यानंतर आठवड्यानं गुर्जर साहेबांनी एकशे चाळीस माणसांना एकशे चाळीस फॉर्म वाटले. प्रत्येकानं स्वतःचं वर्षाचं उद्दिष्ट लिहायचं. पोरगा तिशीतला, शर्ट कायम इस्त्रीचा, बोलताना हात असे करायचा की जणू पोळी लाटतोय.

"उद्दिष्ट स्पष्ट हवं. मोजता येणारं हवं. आणि त्याला मुदत हवी," तो म्हणाला. "मनातलं लिहा. कंपनी तुमचीच आहे."

कंपनी तुमचीच आहे हे वाक्य ऐकल्यावर माणसं सावध झाली. गणूनं लिहिलं, 'रिजेक्शन कमी करीन.' ते शेजारच्यानं उतरवलं, त्याचं त्याच्या शेजारच्यानं. एका बहाद्दरानं खालची गणूची सहीसुद्धा उतरवली.

भागी सातवी शिकलेली. तिनं फॉर्म घरी नेला, चुलीपुढं बसून दोनदा वाचला आणि लिहिलं : 'उद्दिष्ट – बायकांच्या संडासाला आतून कडी. मोजमाप – एक नग. मुदत – ३० जून.' शेवटी 'जबाबदारी' असा रकाना होता. दुसऱ्या दिवशी तिनं गुर्जरला गाठलं.

"साहेब, ह्या जबाबदारीत काय लिवायचं?"

"ज्याच्या सहीनं काम पूर्ण झालं असं धरायचं, त्याचं नाव."

भागीनं स्वतःचं नाव घातलं, आणि फॉर्म गठ्ठ्यात सरकवला. गुर्जरनं वाचला नाही. एकशे चाळीस वेळा 'रिजेक्शन कमी करीन' वाचायला कुणाला वेळ आहे? गठ्ठा फाइलीत गेला, फाइल कपाटात गेली, कपाटाला मात्र कडी होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या परदेशी कंपनीचा तपासनीस आला. उंच, लालसर, गप्प माणूस. नाव लिंडक्विस्ट. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून दुपारपर्यंत त्याचा लिंबूसाहेब झाला. दोन दिवस त्यानं भट्ट्या पाहिल्या, गेज पाहिली, पाती भिंगाखाली धरली. सगळं पास. केळशीकर साहेब शीळ घालू लागले.

तिसऱ्या दिवशी त्यानं उद्दिष्टांची फाइल मागितली आणि न बघता तीन कागद ओढले. पहिला, रिजेक्शन कमी करीन. दुसरा, रिजेक्शन कमी करीन. तिसरा हातात घेऊन गुर्जरनं वाचला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे... दाराच्या सुरक्षेसंबंधी आहे. मुदत तीस जून," तो इंग्रजीत म्हणाला.

"छान. तीस जूनची मुदत होती ना? दाखवा," लिंबूसाहेब म्हणाला.

झालं. लिंबूसाहेब, केळशीकर, गुर्जर, गणू आणि आणखी तीन अधिकारी अशी सात जणांची वरात छत्र्या घेऊन टाकीकडे निघाली. तिथं भागी दाराला पाठ लावून उभी होती, पदर डोक्यावर, पावसात.

"भागीताई, जरा बाजूला व्हा," गुर्जर म्हणाला. "साहेबांना दार बघायचंय."

"आता नाय."

"का?"

"आत माणूस हाय."

आतून रविनाचा आवाज आला, "मावशी, कोण गो?"

"कोन नाय. सात पुरुष हायत. तू आटप."

मग बारीक आवाज आला, "मग मी नाय येत भाईर."

लिंबूसाहेबानं विचारलं, काय चाललंय? गुर्जरनं केळशीकरांकडे पाहिलं. केळशीकरांनी डोळे मोठे केले. पण पोरगा भागीकडे बघत होता, तिच्या नाकावरून पाणी ओघळत होतं, आणि दोन्ही हात दार धरण्यात अडकल्यामुळे तिला ते पुसताही येत नव्हतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही न घालता, काही न गाळता जसंच्या तसं भाषांतर केलं.

लिंबूसाहेब ऐकून मागे वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं बाकीच्या सहा जणांकडे असं पाहिलं की तेही वळले. कंपनीचे मालक, अधिकारी आणि गणू, सगळे ओळीनं भिंतीवरचं शेवाळ न्याहाळत उभे राहिले. रविना बाहेर पडून जी धूम पळाली, ती थेट विभागातल्या पाती घासायच्या टेबलाखाली जाऊन बसली.

मग लिंबूसाहेबानं दार तपासलं. चार भोकांवर बोट ठेवलं. फॉर्मवरची तारीख बघितली. आणि वहीत लिहून घेतलं. दोन दिवस पास झालेल्या भट्ट्या, गेज, पाती सगळं राहिलं बाजूला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही कंपनी उद्दिष्ट लिहून घेते आणि बघत नाही. जी कडीकडे बघत नाही ती पात्याकडे बघते हे मी कशावरून मानू? पंचेचाळीस दिवसांत दोष काढा, मूळ कारण लेखी द्या, आणि ज्यांची जबाबदारी आहे त्या बाईंची सही पाठवा. तोवर ऑर्डर थांबली.

मुरबाडच्या बाजारात जाऊन कडी आणायची तर अर्धा तास पुरला असता. पण आता ती साधी कडी राहिली नव्हती, दोष-निवारण झाली होती. साचे आणि हत्यारं करणाऱ्या टूलरूमनं तिचं ड्रॉइंग काढलं. पात्यांच्या साच्याला लागतं ते कडक पोलाद घेतलं. दांडा आणि भोक यांत फट ठेवली केसाच्या चौथ्या हिश्शाएवढी. कडी तयार झाली तेव्हा ती मखमलीवर ठेवून फोटो काढला.

इकडे मूळ कारण शोधायला गुर्जर भागीला घेऊन कॅन्टीनमध्ये बसला. पद्धत अशी, की पाच वेळा 'का' विचारायचं.

"कडी का नव्हती?"

"पयली होती. दार फुगलं न् तिचं स्क्रू निसटलं."

"दार का फुगलं?"

"वरून पाणी गळतं. रोज."

"पाणी का गळतं?"

"टाकीचा बॉल खराब हाय. टाकी भरली तरी नळ बंद होत नाय."

"बॉल का नाही बदलला?"

"दोनदा मागितला. चिठ्ठी माघारी आली."

"माघारी का आली?"

भागीनं चहाचा कप खाली ठेवला. "गेल्या साली मोठ्या साहेबांचं उद्दिष्ट होतं ना, उत्पादनाला लागत नाय ती खरेदी बंद? आमी टाळ्या पन वाजवल्या होत्या."

गुर्जरचं पेन हवेतच राहिलं. कागदावर पाच ओळी झाल्या होत्या, आणि पाचवीचं बोट थेट मालकाच्या केबिनकडे होतं.

"हे कसं पाठवू मी?"

"पाकिटात घालून," भागी म्हणाली.

त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'मूळ कारण : कर्मचाऱ्यांना दाराच्या वापराचं प्रशिक्षण नाही.' त्याप्रमाणे नऊ बायकांना अर्धा तास बसवून दार कसं लावायचं ते चित्रं दाखवून शिकवलं. रविनानं हात वर करून विचारलं, "साहेब, परीक्षा पन हाय का?" गुर्जर मान खाली घालून चित्रं गोळा करत राहिला.

नवी कडी बसली. भागीनं ती एकदा लावली, काढली, दाराच्या फुगलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आणि सही करायला नकार दिला.

गणूनं दम दिला. गुर्जरनं हात जोडले. अडतिसावा दिवस उजाडला तरी सही नाही. घरी वाळूसुद्धा म्हणाला, "कर ना सई. तुज्या कडीपायी कंपनी बंद पडली तर?"

"पडू दे. फॅन दुरुस्त करू दोगं," भागी म्हणाली. पण त्या दिवशी तिनं भाकरीचं पीठ मोजून घेतलं. रविनाचं घर तिच्याच पगारावर चालायचं, आणि बाकीच्या सात जणींचीही गत फार वेगळी नव्हती. कडीपायी नऊ चुली विझवायच्या का, हा प्रश्न तिला कुणी विचारायची गरज नव्हती.

चाळिसाव्या दिवशी केळशीकर साहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. तीन लेथ मशीनवर सुरुवात करून त्यानं कंपनी उभी केली होती, आणि ऑर्डर गेली तर नवीन भट्टीसकट बसेल याची त्याला खरीच धास्ती होती. चार दिवस पावसानं झोडपलं होतं, टाकी वरून वाहत होती.

"भागीताई, ही कडी माझ्या टूलरूमची आहे," ते म्हणाले. "विमानात चालेल अशी."

"विमानात चालंल साहेब. संडासात चालते का तेवढं बघा."

केळशीकर हसले, आत गेले, आणि दार ओढून कडी सरकवली. खट्ट! असा आवाज झाला की टूलरूमच्या माणसांची छाती फुगली.

"वा!" आतून आवाज आला. "क्या बात है!"

मग खडखड. मग जोरात खडखड. मग, "गुर्जर!"

फुगलेल्या दारानं केसाच्या चौथ्या हिश्शाची फट केव्हाच खाऊन टाकली होती. दांडा भोकात असा बसला होता की जणू तिथंच जन्मला. टूलरूमवाले हातोडी घेऊन धावले आणि उभे राहिले. कडी तुटणारी नव्हती. ती त्यांनीच तशी केली होती.

"गुर्जर, माझ्या डोक्यावर पाणी पडतंय," आतून आवाज आला. "कुठून येतंय हे?"

बाहेर पन्नासेक माणसं जमली होती. सगळे गुर्जरकडे बघायला लागले. गुर्जरनं भागीकडे पाहिलं. मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, दाराजवळ गेला, आणि मोठ्यानं वाचला. पाचही ओळी. आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत कापत होता, पाचवीला सरळ झाला.

आतून पाण्याच्या आवाजावर चढून केळशीकरांचा आवाज आला.

"हे तू पाठवलंस?"

"नाही सर. दुसरं पाठवायला काढलंय."

"हेच पाठव," केळशीकर म्हणाले. "पण आधी मला बाहेर काढ."

पॅकिंगची खोकी करणारा सुतार नवसू करवत घेऊन आला. "साहेब, मागं सरा," तो ओरडला. "मागं म्हंजे भांड्यावर उभं ऱ्हावा. करवत लांब हाय." कडीभोवतीचं दार कापायला चाळीस मिनिटं लागली. केळशीकर बाहेर आले तेव्हा नखशिखांत भिजलेले होते आणि केसांत लाकडाचा भुसा होता. रविनानं तोंडात पदर कोंबला. पण केळशीकरांनी भागीपुढं येऊन हात जोडले, आणि ते नाटक नव्हतं हे तिला दिसलं. तिलाही मग काय करावं सुचेना. तिनं पदरानं त्यांच्या खांद्यावरचा भुसा झटकला, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन ती लाजली.

दोन दिवसांत नवीन बॉल बसला, प्लास्टिकचं दार आलं, आणि त्याला मुरबाडच्या बाजारातली साधी, ढिली कडी. भागीनं नऊही जणींना एकेक करून आत पाठवलं. नऊ जणी बाहेर येऊन ठीक म्हणाल्या तेव्हा तिनं सही केली. त्रेचाळिसाव्या दिवशी कागद गेला. दसऱ्याच्या सुमाराला ऑर्डर आली. बायका आता सकाळी दहाला तांब्याभर पाणी प्यायच्या, गणूच्या समोर उभं राहून, घटाघट.

पुढच्या एप्रिलच्या मेळाव्यात केळशीकरांनी पडद्यावर नवीन दाराचा फोटो दाखवला. 'महिला सुविधा : शंभर टक्के साध्य.' ऑर्डरची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. त्यातली चाळीस मिनिटं तेवढी गाळली. कुणी आठवण करून दिली नाही, पण मागच्या रांगेतून कुणीतरी करवतीचा आवाज काढला, आणि मालकासकट सगळी शेड हसली. महिला विभागाचा खांब सगळ्यांत बुटका होता. तो नुसता सोडून ते पुढं गेले. भागीला त्याचं वाईट वाटलं नाही. चूक झाली म्हणायला माणसाला एकदाच हिंमत होते, दरसाल नाही, हे ती वाळूबरोबर वीस वर्षं काढून शिकली होती.

फॉर्म पुन्हा वाटले गेले. या खेपेला कुणी कुणाचं उतरवलं नाही. आठवड्यानं गुर्जर दोन हातांत गठ्ठा घेऊन भागीच्या टेबलाशी आला. डोळ्यांखाली काळं झालेलं, शर्टाची इस्त्री मोडलेली.

"भागीताई, हे बघा काय झालंय! एकानं लिहिलंय, भट्टीजवळ पंखा, एक नग. एकानं, कंपनीच्या बसचं छत गळतं. नवसूनं लिहिलंय, गणूनं त्याला नावानं हाक मारावी, 'ए सुतार' नाही. मोजमाप, दिवसातून एकदा तरी. आणि सगळ्यांनी जबाबदारीत स्वतःचं नाव घातलंय. एकशे चाळीस सह्या लागणार! लिंबूसाहेब ऑक्टोबरात पुन्हा येणार आहे. मी काय करू?"

भागीनं एक पातं उजेडात धरलं, धारेवरून बोट फिरवलं आणि बाजूला काढलं.

"बसा त्या स्टुलावर," ती म्हणाली. "न् पयल्यापासनं वाचा. जरा मोठ्यानं, समद्या जनींना आयकू जाऊ द्या."

गुर्जर बसला, आणि वाचायला लागला.